न्यायाधीशाच्या शेजारच्या दोन खुर्च्या

माझी नोकरीची सगळी वर्षं युनियनच्या केसेस घेऊन वांद्र्याच्या कामगार न्यायालयात गेली. तिथे साहेब एकटेच बसतात. बरेचसे साहेब प्रामाणिक आणि कायद्यात पक्के. पण ‘रिलीव्हर आल्याशिवाय मशीन सोडता येत नाही’ एवढी एक गोष्ट त्यांच्या गळी उतरवायला कधीकधी अख्खी तारीख खर्ची पडायची. म्हणून मुलाकडे बर्मिंगहॅमला गेले असताना, तिथल्या एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलची सुनावणी कोणालाही बसून ऐकता येते असं कळलं, तेव्हा मला राहवलं नाही. हिल स्ट्रीटवरच्या सेंटर सिटी टॉवरमध्ये जाऊन मागच्या खुर्चीत बसले.

समोर तिघं होती. ना झगे, ना टोप. मधे न्यायाधीश, दोन्ही बाजूंना एक बाई आणि एक गृहस्थ. ही दोघं वकील नव्हेत, निवृत्त न्यायाधीशही नव्हेत. यांना तिथे ‘ले मेंबर’ म्हणतात. कागदोपत्री ‘नॉन-लीगल मेंबर’.

तक्रारदार होती गोदामात पॅकिंग करणारी एक बाई. पाळी संपायच्या आधी जागा सोडते म्हणून तिला लेखी ताकीद मिळाली होती. तिचं म्हणणं, हे बायकांच्याच वाट्याला येतं. साक्षीदारांची निवेदनं आधीच लेखी दिलेली असतात आणि सगळ्यांनी ती वाचलेली असतात, त्यामुळे थेट उलटतपासणीच सुरू झाली. कंपनीचे वकील मिनिटामिनिटाचा हिशेब मांडत होते. मॅनेजर साक्षीला आला तेव्हा न्यायाधीशाच्या बाजूच्या बाईंनी विचारलं, “बायकांची लॉकर रूम कुठे आहे?” वरच्या मजल्यावर. “आणि पुरुषांची?” पॅकिंगच्या शेजारी. “पंचिंग मशीन?” खाली, गेटजवळ. बाईंनी मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं. त्या जाड फायलीत हे कुठेच नव्हतं. निकाल राखून ठेवला गेला आणि माझी परतीची वेळ झाली, त्यामुळे पुढे काय झालं ते सांगता येत नाही. मला मात्र तो प्रश्न मिळाला होता.

अशी माणसं खुर्चीवर येतात कशी? ही न्यायाधिकरणं 1964 च्या इंडस्ट्रियल ट्रेनिंग अ‍ॅक्टने जन्माला आली, तीही अगदी रुक्ष कामासाठी: प्रशिक्षणाच्या करावरून मालकांनी केलेली अपिलं ऐकायला. पुढच्याच वर्षी कामगारकपातीच्या भरपाईचे दावे आले. युनियन आणि मालक-संघटनांचा अभ्यास करायला नेमलेल्या डोनोव्हन आयोगाने 1968 मध्ये सांगितलं की कामगाराला सहज गाठता येईल, झटपट, स्वस्त आणि फार औपचारिक नसलेलं व्यासपीठ हवं. 1971 च्या कायद्याने अन्याय्य बडतर्फीचा दावा करता येऊ लागला आणि मग गर्दी वाढली. तिघांची रचना मात्र टिकली: एक कायदेतज्ज्ञ, एक मालकांच्या बाजूच्या यादीतला, एक कामगारांच्या बाजूच्या यादीतला.

1999 पर्यंत ही नावं संघटना सुचवत. कामगारांच्या बाजूने टीयूसी हा तिथल्या युनियनांचा महासंघ, मालकांच्या बाजूने सीबीआय ही तिथली उद्योगांची संघटना आणि तशाच संस्था. त्यानंतर उघड अर्ज मागवायला सुरुवात झाली. कायद्याची पदवी लागत नाही. कामाच्या जागी माणसं सांभाळल्याचा किंवा माणसांची बाजू मांडल्याचा अनुभव लागतो. मी युनियनची, त्यामुळे नावं पाठवायचा हक्क सुटला हे मला आधी खटकलं. पण संघटनेने पाठवलेला माणूस संघटनेचं देणं लागतो, हेही मी जवळून पाहिलेलं आहे. शिवाय ज्या हॉटेलात, ज्या दुकानात युनियनच नाही, तिथल्या माणसाला संघटनेच्या यादीतून वाट कुठली?

एकदा खुर्चीवर बसलं की बाजू संपते. त्या दिवशी दोघांपैकी कोण कुठल्या यादीतलं, हे शेवटपर्यंत मला ओळखता आलं नाही. मत मात्र पुरं असतं: दोघं एका बाजूला गेले तर न्यायाधीश अल्पमतात जातो, आणि तसा निकाल लिहायचं काम त्याच्याकडेच राहतं! एका खटल्यात तक्रार झाली, की दोघांपैकी एक सदस्य दारू पिऊन आला होता आणि सुनावणीत झोपला. 2003 मध्ये कोर्ट ऑफ अपीलने प्रकरण नव्याने ऐकायला पाठवलं. उरलेले दोघं जागे होते, हे पुरेसं मानलं नाही.

तरी तिथेही या खुर्च्या रिकाम्या होत चालल्यात. एप्रिल 2012 पासून अन्याय्य बडतर्फीचे साधे दावे सहसा न्यायाधीश एकटाच ऐकतो. खर्च आणि वेळ वाचतो, हे कारण. मला ते पटत नाही. बडतर्फीत प्रश्न असतो तो मालक वाजवी वागला का, हा. आणि वाजवी काय, ते पाळीत उभं राहिलेल्याला जास्त कळतं.

आपल्याकडे 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात न्यायाधिकरणाला सल्ला द्यायला दोन असेसर नेमायची सोय होती, नुसता सल्ला, मत नाही. मी तरी तसा कोणी बसलेला कधी पाहिला नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने आता न्यायाधीशाच्या शेजारी खरोखरच एक खुर्ची मांडली आहे. संप, कपात, कारखाना बंद करणं आणि बडतर्फी यांसारखी प्रकरणं दोघांनी मिळून ऐकायची. पण ती खुर्ची आहे प्रशासकीय सदस्याची. मालकांची यादी नाही, कामगारांची नाही. माणूस सरकारी कारभारातला. फाईल त्याला उत्तम वाचता येईल यात शंका नाही. पण लॉकर रूम कितव्या मजल्यावर आहे, हे फायलीत नसतं. आणि दोघांचं जुळलं नाही, तर तो मुद्दा सरकारकडे जातो. सरकार दुसऱ्या न्यायाधिकरणाचा न्यायिक सदस्य नेमतं आणि मग बहुमत ठरतं. ज्या खटल्यात सरकारी उपक्रमच मालक असेल, तिथे हे कसं चालणार, ते मी वांद्र्याच्या माझ्या जुन्या वकील मित्रांना विचारलं. ते म्हणाले, “ताई, आधी नेमणुका तर होऊ द्या.”