बोट सरकते, पान का अडखळते?

मोबाइलवर एखादे संकेतस्थळ वाचताना बोट वर सरकते, पण पान जागचे हलत नाही. मग ते एकदम उडी घेते आणि नको त्या दुव्यावर बोट पडते. वाचक नेटजोडणीला दोष देतो. मात्र पान पूर्ण उतरल्यावरही असे होत असेल, तर दोष बहुधा पानाच्या रचनेत असतो.

साधारण पडदा सेकंदाला ६० वेळा नवे चित्र दाखवतो. म्हणजे प्रत्येक चित्रासाठी ब्राउझरला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. पान सरकू लागले की ब्राउझर आज्ञावलीला 'स्क्रोल' या घटनेची वर्दी वारंवार देत राहतो. दर वर्दीला आज्ञावली पानावरील घटकांची मोजमापे घेत बसली, तर ही मुदत टळते.

स्पर्शाच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. आज्ञावलीला सरकणे रोखण्याचा अधिकार असल्याने तिचे उत्तर येईपर्यंत ब्राउझरला खोळंबावे लागते. क्रोमच्या ५१व्या आवृत्तीने २०१६ मध्ये यावर 'पॅसिव्ह' हा पर्याय दिला. 'सरकणे रोखणार नाही', अशी ती आगाऊ हमीच होय. त्याच आवृत्तीत 'इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर'ही आला. एखादे छायाचित्र दृष्टिपथात आले की ब्राउझर स्वतःच कळवतो. आज्ञावलीला सतत मोजमाप करावे लागत नाही.

एकदा घडवून अनेक पानांत बसवता येणाऱ्या घटकांना, म्हणजे 'वेब कॉम्पोनंट'ना, आणखी दोन पथ्ये पाळावी लागतात. अशा घटकाचा अंतर्भाग 'शॅडो डॉम'च्या भिंतीआड असेल, तर आतली यादी सरकल्याची वर्दी भिंतीबाहेर पोहोचत नाही. त्यामुळे घटकाने ती स्वतः ऐकून आपल्या वेगळ्या नावाच्या घटनेने पानाला कळवावी लागते. दुसरे पथ्य निरोपाचे. संपूर्ण पानाच्या सरकण्यावर लक्ष ठेवणारा घटक काढून टाकला, तरी त्याने लावलेला पहारा आपोआप उठत नाही. तो 'डिस्कनेक्टेड कॉलबॅक'मध्ये उठवला नाही, तर पडद्यावरून गेलेला घटक स्मृतीत ठाण मांडून बसतो आणि दर सरकण्यागणिक राबत राहतो.

वेगवान संगणकावर हे दोष झाकले जातात. कमी क्षमतेच्या फोनवर तेच उघडे पडतात. म्हणूनच पानाची खरी परीक्षा ते घडवणाऱ्याच्या संगणकावर नव्हे, तर साध्या फोनवर व्हायला हवी.