चाके चमकली, बोटे भाजली

मोटारीच्या चाकांशी आमचा तसा संबंध नाही. आमचा पेशा कारकुनाचा, प्रवास बसचा आणि लोकलचा. पण गेल्या उन्हाळ्यात एका रात्री दहाच्या सुमारास वस्तीतला एक मुलगा आमच्या दारात येऊन उभा राहिला. बारावी झालेला, गाड्या धुण्याच्या एका सेंटरवर कामाला. उजव्या हाताची तीन बोटे पांढुरकी पडलेली, नखांखाली असा ठणका की पोराला उभे राहवेना. सकाळी उघड्या हातांनी चाके साफ केली, तेव्हा काहीच झाले नाही, असे तो सांगत होता. आईने हळद लावून दिली होती.

आम्ही त्याला इस्पितळात नेले. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कशाने धुतलीस चाके?" त्याला सांगता येईना. डब्यावर लेबलच नव्हते. कामाचे स्वरूप ऐकून डॉक्टरांनी अंदाज बांधला आणि बोटांना कॅल्शियम ग्लुकोनेटची जेली लावली.

ॲल्युमिनियम झटपट उजळणाऱ्या काही द्रावणांत हायड्रोफ्लुओरिक ॲसिड किंवा अमोनियम बायफ्लुओराइड असते. सौम्य असले तर ते लागताक्षणी चटका देत नाही. ते कातडीतून आत झिरपते, शरीरातले कॅल्शियम धरते आणि कधी कधी कित्येक तासांनी वेदना सुरू होतात. म्हणून दुखत नसले तरी हात ताबडतोब वाहत्या पाण्याखाली धरावा, भरपूर वेळ धुवावा आणि डबा सोबत घेऊन दवाखाना गाठावा. उद्यावर ढकलू नये.

मुलाचे दुर्दैव एवढ्यावर थांबले नाही. चाकांवर पांढरे डाग उठले आणि मालकाने आठवड्याचा पगार कापला. द्रावण मालकाचे, डबा मालकाचा, नुकसान मात्र मुलाचे! हा हिशेब आम्हाला बी.कॉम.च्या कुठल्याच पुस्तकात सापडला नाही.

खरे तर आपल्या घरातल्या बायांना हा धातू चांगला ठाऊक आहे. स्वयंपाकघरातले जर्मनचे पातेले ते हेच. ते धुण्याच्या सोड्याने घासले की काळे पडते. ॲल्युमिनियमला ॲसिड खाते तसा कॉस्टिक सोडाही खातो. मग चाक धुवायचे कशाने? साध्या साबणाने.

गाडी नुकतीच उभी राहिली असेल तर चाक आधी गार होऊ द्यावे; तापल्या चाकावर साबण वाळून डाग पडतात. प्रथम नुसते पाणी सोडावे, कारण ब्रेकची काळी धूळ लोखंडी कणांची असते आणि ती तशीच घासली तर चरे उठतात. बादली आणि स्पंज चाकांसाठी वेगळेच असावेत.

त्यानंतरची पारख महत्त्वाची. चमकत्या भागावर, पण सहज दिसणार नाही अशा जागी, पांढऱ्या फडक्याने थोडे मेटल पॉलिश घासून पाहावे. फडके काळे झाले तर धातू उघडा आहे. पांढरेच राहिले तर वर लॅकरचा पारदर्शक थर आहे. लॅकर असेल तर धुणे, पुसणे आणि वर मेण, बस्स. धातू उघडा असेल तरच पॉलिश, तेही थोड्या थोड्या भागावर, फडके बदलत.

खड्डे पडलेल्या जुन्या उघड्या चाकाला मात्र घाम गाळावा लागतो. ४०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून सुरुवात करावी, मग ६००, ८००, १०००, १५००, २०००. प्रत्येक पेपर आधीच्याचे चरे पुसतो. मधला एक नंबर गाळला की शेवटच्या चकाकीत तो चरा उन्हात दिसतोच. टायर जिथे बसतो ती कड आणि नट बसतात त्या जागा घासू नयेत. शेवटी सुती बफ. कोरडे घासले तर ॲल्युमिनियमची बारीक धूळ उडते आणि ती पेट घेऊ शकते. लोखंड घासायच्या ग्राइंडरवर तर चाक कधीच धरू नये. चाकाला तडा दिसला तर पॉलिश बाजूला ठेवून मालकाला दाखवावा. चमक आणून तडा लपवणे म्हणजे कुणाच्या तरी जिवाशी खेळ.

गिऱ्हाइकालाही एक गोष्ट आधीच सांगावी. उघड्या ॲल्युमिनियमची चकाकी टिकत नाही. हवेतच त्यावर ऑक्साइडचा थर धरतो, आणि मुंबईची खारी हवा व पावसाळा त्यात भर घालतात. वरून मेण लावले तर थोडी जास्त टिकते. हे बिलावरच लिहून द्यावे. कारकुनाची सवय म्हणा हवे तर, पण पुढची कटकट वाचते.

तो मुलगा परवा भेटला. आता दुसऱ्या गॅरेजमध्ये आहे. एका बोटाचे नख अजून वाकडेच उगवते आहे. नव्या मालकाने पहिल्याच दिवशी एक डबा पुढे केला, तेव्हा त्याने आधी लेबल मागितले म्हणे. मालक हसला, पण दुपारी त्याने जाड रबरी हातमोजे आणून दिले. आता चाके तो साबणानेच धुतो.