ओळखीची वाटली म्हणून...

मास्टर्ससाठी जर्मनी किंवा ऑस्ट्रेलिया गाठणार आहात? मग बॅगेत थालीपिठाची भाजणी भरताना एक गोष्ट डोक्यातही भरून घ्या. तिथे ओकच्या झाडाखाली गुबगुबीत अळंबी दिसली, तर फोटो काढा आणि पुढे चला.

कारण ती ‘डेथ कॅप’ असू शकते. मूळची युरोपातली ही अळंबी ओकच्या मुळांशी जोडून वाढते आणि आता ऑस्ट्रेलियातही पोचली आहे. अर्धी अळंबीसुद्धा जीव घेऊ शकते. कॅनबेरात २०११ सरताना, ३१ डिसेंबरच्या जेवणात ती खाल्लेले दोघं दगावले. २०१५ मध्ये जर्मनीत नव्याने आलेल्या अनेक निर्वासितांना तिची बाधा झाली. गावाकडच्या खाण्याच्या अळंबीसारखी दिसते ना ती!

आपली फसगत होईल ती पेंढ्यावर वाढणाऱ्या ‘पॅडी स्ट्रॉ’ अळंबीमुळे. फरक असा :

छत्री : डेथ कॅपची हिरवट-पिवळट, कधी पांढरट. पॅडी स्ट्रॉची करडी-तपकिरी.

छत्रीखालचे कल्ले : डेथ कॅपचे पांढरेच राहतात. पॅडी स्ट्रॉचे पुढे गुलाबी होतात.

देठ : डेथ कॅपला झालरीसारखं कडं असतं, पॅडी स्ट्रॉला नसतं.

बुंधा : दोघींनाही पिशवी! डेथ कॅपची तर बऱ्याचदा मातीतच राहते.

आता खरी गोम. कोवळेपणी दोघीही अंड्यासारख्या बंद असतात, तेव्हा कल्ले-कडं काहीच दिसत नाही. मोठेपणी कडं गळूनही पडतं. म्हणून ही यादी सावध होण्यासाठी आहे, भाजी करण्यासाठी नाही.

‘चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी’, ‘किड्यांनी खाल्लीय म्हणजे चालेल’ या निव्वळ थापा. शिजवून किंवा वाळवूनही हे विष जात नाही. चवीलाही ती वाईट लागत नाही म्हणे!

खाल्ल्यावर साधारण ६ ते १२ तास काहीच होत नाही. मग उलट्या, जुलाब. नंतर बरं वाटायला लागतं आणि नेमकं तेव्हाच आत यकृत निकामी होत असतं. त्यामुळे शंका आली की लक्षणांची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा. उरलेली अळंबी सोबत न्या.

कोकणातल्या आजीला वारुळावरची अळंबी बिनचूक कळते, पण ती तिच्या रानातली. परक्या रानात आजीचीही नजर चुकेल. तिथे अळंबी दुकानातूनच आणा.