सही करण्याआधी, झोपडी सोडण्याआधी

मागच्या महिन्यात देवगाव फाट्यावर गटाची बैठक होती. बचत जमा झाली, रजिस्टर लिहून झालं, तेव्हा एका ताईंनी पिशवीतून कागद काढला. त्यांची लेक सेलूहून देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबईला गेली ती तिथंच, झोपडपट्टीत राहते. बिल्डर म्हणतो, सही करा, झोपडी सोडा, तीन वर्षांत पक्कं घर फुकट. लेक फोनवर विचारते, "आई, करू का सही?" तेव्हा आम्हाला उत्तर देता आलं नाही. मग आम्ही माहिती काढली, ती आज सांगतो.

घर फुकट मिळतं कसं? यात सरकार बिल्डरला जास्त बांधायची परवानगी देतं. त्याला जादा चटईक्षेत्र म्हणतात. समजा, हजार फूट जागेवर हजार फूट बांधता येतं. सरकारनं तेच तीन हजार करून दिलं, तर बिल्डर काही घरं जुन्या रहिवाशांना देतो आणि उरलेली बाजारभावानं विकतो. त्या विक्रीतूनच सगळा खर्च आणि नफा निघतो. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण १९९५ पासून याच पद्धतीनं योजना राबवतं.

यात मेख अशी, की घरांची विक्री थंडावली की काम थांबतं. आणि सवलतीचा पैसा बिल्डरला आधी मिळाला, तर गरिबाचं घर मागं पडतं.

गोरेगावची पत्रा चाळ, म्हणजे सिद्धार्थनगर, हे त्याचं उदाहरण. तिथं ६७२ कुटुंबं होती. २००८ साली म्हाडा, रहिवाशांची संस्था आणि बिल्डर यांच्यात करार झाला. लोकांनी घरं सोडली. पुढं भाडं थांबलं, कामही थांबलं. रहिवाशांची घरं बांधण्याआधीच बिल्डरनं बांधकामाचे हक्क दुसऱ्या बिल्डरांना विकून नऊशे कोटींहून जास्त रुपये घेतले, असा ईडीचा आरोप आहे. म्हाडानं २०१८ साली करार रद्द केला. काम पुन्हा सुरू झालं ते २०२२ साली. करारापासून चौदा वर्षं!

आता आपलं घरकुल आठवा. जोतं झालं, फोटो काढला, मग पुढचा हप्ता. काम पुढं, पैसा मागं. हप्ता लांबला की आपण कुरकुरतो, पण ही अट किती कामाची, ते पत्रा चाळीवरून कळतं.

मग लेकीला काय सांगायचं? चार गोष्टी.

एक, पात्र लोकांच्या यादीला परिशिष्ट-२ म्हणतात. त्यात आपलं नाव आहे का, ते आधी बघायचं. नाव नसताना झोपडी सोडली, तर हक्क दाखवायचा कसा?

दोन, भाडं. बिल्डरनं दोन वर्षांचं भाडं आगाऊ भरावं आणि तिसऱ्या वर्षाचे पुढच्या तारखांचे चेक द्यावेत, असा नियम प्राधिकरणानं २०२३ साली केला. ते भरलं का, हे प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन विचारायचं. तोंडी शब्दावर घर सोडायचं नाही.

तीन, करार नवरा-बायको दोघांच्या नावानं होतो. तसा नियमच आहे. एकट्या नवऱ्याचं नाव दिसलं, तर तिथंच थांबायचं.

चार, संस्थेच्या बैठकीला बाईनं स्वतः जायचं. योजनेला निम्म्याहून जास्त रहिवाशांची संमती लागते, म्हणून प्रत्येक सहीला किंमत आहे. सही केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत घरात ठेवायची.

ताईंनी हे सगळं लेकीला फोनवर दोनदा वाचून दाखवलं. लेकीनं अजून सही केलेली नाही. आधी यादी बघते म्हणाली. घर नको असं नाही, ते तिला हवंच आहे. पण पोराबाळांना घेऊन भाड्याच्या खोलीत किती वर्षं काढावी लागतील, हे विचारल्याशिवाय ती झोपडी सोडणार नाही.

तुमच्या गटातल्या कुणाची माणसं मुंबई-पुण्याला असतील, तर आज रात्री फोन करा आणि या चार गोष्टी सांगा.