लघुदृष्टीचे रुग्ण आणि स्टिरिओस्कोपची भिंगे

नेत्रविभागातील तिरळेपणाच्या तपासणी-कक्षास भेट देणाऱ्या देणगीदारांना तेथील स्टिरिओस्कोप पाहून अनेकदा जत्रेतील चित्रपेटी आठवते. तत्त्व खरोखरच जुने आहे. चार्ल्स व्हीटस्टन यांनी आरशांच्या स्टिरिओस्कोपचे वर्णन १८३८ साली प्रसिद्ध केले. भिंगांचा सुटसुटीत प्रकार डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८४९ साली मांडला.

यात दोन्ही डोळ्यांपुढे किंचित भिन्न अशा दोन स्लाइड ठेवतात. मेंदूने त्या एकत्र केल्या की चित्राला खोली येते. तशी ती आली नाही, तर दोन्ही डोळे एकत्र काम करीत नसल्याची शंका घ्यावी लागते. पालकांच्या दृष्टीने हा निष्कर्ष फार गंभीर असतो. म्हणूनच तो काढण्यापूर्वी भिंगे त्या मुलाच्या डोळ्यांना जुळविली होती काय, हे पाहणे अगत्याचे ठरते. धूसर चित्रातून खोलीचे भान नीट होत नाही. एकच डोळा धूसर पाहत असेल तर अधिकच नाही.

स्लाइड साधारणतः भिंगाच्या नाभीय अंतरावर असते, त्यामुळे किरण डोळ्यांत समांतर शिरतात. निर्दोष डोळ्यास ते सोयीचे असते. दीर्घदृष्टीचे लहान मूलही ताण देऊन भागवून नेते. लघुदृष्टीच्या मुलास मात्र कितीही प्रयत्न केला तरी दूरचे स्पष्ट करता येत नाही. त्याच्यासाठी भिंगच स्लाइडच्या जवळ न्यावे लागते. ५० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग घेतले, तर उणे १ क्रमांकासाठी ते सुमारे अडीच मिलिमीटर आणि उणे ४ साठी सुमारे ८ मिलिमीटर जवळ आणावे लागते.

ही जुळवणी नेहमी लांबून सुरू करावी आणि चित्र प्रथम स्पष्ट होताच थांबावे. भिंग त्याहून जवळ गेले तरी चित्र स्पष्टच दिसत राहते, कारण मूल आता डोळ्यांना ताण देऊ लागलेले असते. या ताणाबरोबर डोळे आत वळतात आणि तिरळेपणाचे मोजमाप चुकते. घाईच्या दिवशी ही चूक सहज घडते.

दोन्ही भिंगे एकाच चाकाने सरकत असतील आणि दोन्ही डोळ्यांचे क्रमांक निरनिराळे असतील, तर चाक फिरवून उपयोग नाही. चष्मा लावूनच पाहावे. दृष्टिवैषम्यासाठीचा, म्हणजे आडव्या-उभ्या अक्षाचा, क्रमांक असल्यासही तेच करावे, कारण भिंग पुढे-मागे केल्याने तो दोष जात नाही. भिंगांमधील अंतरही मुलाच्या बाहुल्यांमधील अंतराशी जुळले पाहिजे. वरील भिंग अवघे २ मिलिमीटर बाजूला असले, तरी प्रत्येक डोळ्यापुढे ४ प्रिझम डायॉप्टरचा अडथळा उभा राहतो.

डोळे तपासायचेच आहेत म्हणून अनेक पालक मुलाचा चष्मा घरी ठेवून येतात. तपासणीस येताना चालू चष्मा आणि क्रमांकाचा जुना कागद कृपया सोबत आणावा.