जनावर माझे, मग औषध कोणाच्या मर्जीचे?

2022 च्या पावसाळ्यात लम्पी त्वचारोगाने राज्यभर थैमान घातले होते. त्याच सुमारास पाण्याचे नमुने घेण्यासाठी आम्ही हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वरला गेलो होतो. येलदरीच्या खालच्या अंगाला पूर्णा नदीवर हे धरण आहे. काम आटोपून परतताना कालव्याकाठच्या एका गोठ्यात लाल कंधारी जातीचा बैल दिसला. अंगभर सुपारीएवढ्या गाठी, पुढच्या पायांवर सूज, नाकातून स्राव. मालकाने कडुनिंबाचा पाला आणि हळद वाटून त्याचा जाड लेप लावला होता. आमच्याबरोबर गावातील एक शिक्षक होते. "डॉक्टरांना दाखवलं का?" असे त्यांनी विचारताच मालक शांतपणे म्हणाला, "गुरुजी, बैल माझा, खर्च माझा. मग औषध कोणतं लावायचं ते मीच ठरवणार की!"

वाटेत गुरुजींनी तोच प्रश्न आमच्यापुढे ठेवला. मालकाला असा हक्क कायद्याने आहे का? आम्हाला उत्तर येत नव्हते. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना कायद्याची पुस्तके उघडायची सवय नसते. पुढे सवडीने ती उघडली. जे हाती लागले ते येथे मांडतो आहोत.

मालकाला उपचारपद्धती निवडण्याचा हक्क आहे, असे सरळ वाक्य आमच्या वाचनात कोठे आले नाही. तसा हक्क नाही, असेही कोठे म्हटलेले नाही. कायदा या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहतो. औषध कोणते, यापेक्षा उपचार कोण करतो याकडे त्याचे लक्ष अधिक आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 याच्या कलम 30 नुसार नोंदणीकृत पशुवैद्यकाखेरीज कोणालाही पशुवैद्यकाचा व्यवसाय करता येत नाही. जनावराच्या आरोग्याचा दाखलाही त्यानेच द्यायचा. लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी यांसारख्या किरकोळ सेवा पदविका किंवा प्रमाणपत्र घेतलेल्या पशुधन पर्यवेक्षकासारख्या व्यक्तीने करण्यास राज्य शासन परवानगी देऊ शकते. पण त्याही पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली.

येथे 'व्यवसाय' हा शब्द महत्त्वाचा आहे. स्वतःच्या गोठ्यातील बैलाला लेप लावणारा शेतकरी व्यवसाय करत नाही, असा आम्ही या कलमाचा अर्थ लावतो. मात्र तोच शेतकरी गावोगाव फिरून पैसे घेऊन इंजेक्शने देऊ लागला, तर तो या कलमाच्या कक्षेत येतो. म्हणजे सिद्धेश्वरच्या मालकाचा लेप कायद्यात बसतो. मोटारसायकलवर पिशवी अडकवून येणारा बिननोंदणीचा 'डॉक्टर' बसत नाही, मग त्याच्या पिशवीत अ‍ॅलोपॅथीची औषधे असोत की होमिओपॅथीच्या गोळ्या.

औषधांच्या बाबतीतही असेच आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, 1940 यात आयुर्वेदिक औषधाची व्याख्या करताना माणसांबरोबर प्राण्यांचाही उल्लेख आहे. म्हणून दुकानात मिळणारे जनावरांचे आयुर्वेदिक पाचक चूर्ण परवाना घेऊन तयार झालेले असू शकते आणि ते विकत घ्यायला कोणाची चिठ्ठी लागत नाही. परंतु परवाना म्हणजे गुणाची हमी नव्हे. मान्यताप्राप्त ग्रंथातील पाठाप्रमाणे औषध केले असेल, तर परवान्यासाठी तो ग्रंथाधार पुरतो. गायीम्हशींवर घेतलेल्या चाचणीचे निकाल मागितले जात नाहीत. याउलट प्रतिजैविके चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे. तो किती पाळला जातो, हे वाचकांना आमच्याइतकेच ठाऊक आहे. शाळेत करण्याजोगा एक छोटा उद्योग सुचवतो. विद्यार्थ्यांना गोठ्यातील औषधांची रिकामी खोकी आणायला सांगा. (बाटल्या आणि सुया नकोत.) 'माणसांसाठी नाही, फक्त जनावरांच्या उपचारासाठी' या अर्थाची सूचना आणि पाळीव जनावराच्या डोक्याचे चित्र कोणत्या खोक्यांवर आहे, ते शोधू द्या. ज्यांवर नाही, ती औषधे गोठ्यात कशी आली, या प्रश्नावर एक तास सहज जाईल.

परदेशात हा वाद अधिक उघडपणे झालेला दिसतो. ब्रिटनमध्ये 1966 च्या कायद्याने प्राण्यांवरील उपचार पशुवैद्यकांसाठी राखून ठेवले आहेत. स्वतःच्या जनावरावर किरकोळ औषधोपचार करण्याची मुभा मात्र मालकाला स्पष्ट शब्दांत दिली आहे. 2017 साली तेथील पशुवैद्यकांच्या नियामक संस्थेने, होमिओपॅथीसारख्या उपचारांना मान्य असा पुरावा नसल्याने ते सिद्ध उपचारांच्या जागी नव्हे तर जोडीने वापरावेत, अशी भूमिका घेतली. जर्मनीत 2022 च्या जानेवारीत एक कायदा अमलात आला. माणसांसाठी नोंदलेली होमिओपॅथीची औषधे, चिठ्ठी न लागणारी असली तरी, पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय प्राण्यांना देऊ नयेत, असे त्यात होते. त्याच वर्षी तेथील घटना न्यायालयाने ही तरतूद रद्द ठरवली. त्यात प्राण्यांवर निसर्गोपचार करणाऱ्यांच्या व्यवसायस्वातंत्र्याबरोबरच पाळणाऱ्यांच्या स्वातंत्र्यावरही अवाजवी बंधन येते, असे न्यायालयाचे म्हणणे. ही औषधे गुणकारी आहेत की नाहीत याचा हा निर्णय नव्हता. हक्काचा निवाडा न्यायालय करते. गुणाचा निवाडा वेगळ्या मार्गाने करावा लागतो, आणि तेथे खरी अडचण सुरू होते.

लम्पीचेच उदाहरण घेऊ. हा देवीच्या कुळातील विषाणूचा रोग. चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत तो पसरतो. माणसाला होत नाही. विषाणूला मारणारे खात्रीचे औषध नाही. ताप उतरवणे, जखमा स्वच्छ ठेवणे, दुसरा संसर्ग रोखणे आणि जनावर खातेपिते ठेवणे एवढेच करता येते. बाधित जनावरांपैकी बहुतेक बरी होतात. आता समजा, शंभर आजारी जनावरांपैकी पंच्याण्णव आपोआप बरी होणार आहेत. त्या शंभरांना नुसते गुळाचे पाणी पाजले, तरी पंच्याण्णव मालक गुळाच्या पाण्याची महती गातील. उरलेले पाच बहुधा गप्प बसतील, किंवा 'पाजायला उशीर झाला' म्हणतील.

नॉर्वेमध्ये कासदाह झालेल्या गायींवर असा प्रयोग झाला. त्याचा अहवाल 2004 साली आला. गायींचे तीन गट केले. एकाला होमिओपॅथीचे औषध, दुसऱ्याला प्रतिजैविक, तिसऱ्याला औषध नसलेले नुसते सोंगाचे औषध. होमिओपॅथीच्या गटातील गायी सुधारल्या; पण सोंगाचे औषध घेतलेल्याही सुधारल्या, आणि त्या दोन गटांत भेद करता येईल असा फरक सापडला नाही. तिसरा गट नसता तर निष्कर्ष काय निघाला असता, ते विद्यार्थ्यांना विचारून पाहावे.

"जनावराला कुठे कळते आपण औषध घेतले ते? मग मनाचा परिणाम होईलच कसा?" असा प्रश्न येथे हमखास येतो, आणि तो चांगला प्रश्न आहे. जनावराला कळत नसेल, पण पाहणाऱ्याला कळते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी सांधेदुखीने लंगडणाऱ्या कुत्र्यांचा अभ्यास 2012 साली प्रसिद्ध केला. या कुत्र्यांना सोंगाचे औषध दिलेले होते. पाय जमिनीवर किती जोराने टेकतो, हे यंत्राने मोजले. यंत्राला सुधारणा दिसत नसतानाही पाचांपैकी सुमारे दोन मालकांना आपला कुत्रा सुधारल्यासारखा वाटला. पशुवैद्यकांची नजरही मालकांपेक्षा बरी ठरली नाही. जनावर स्वतः बोलत नाही. त्याच्या वतीने बोलणाराच पैसे मोजणारा, आशा धरणारा आणि निवड करणारा असतो.

याचा अर्थ घरगुती उपचार म्हणजे सगळा भ्रम, असा मुळीच नाही. ओला लसूणघास अधाशीपणे खाल्ला की जनावराला पोटफुगी होते, हे कालव्याच्या भागातील मुलांना सांगावे लागत नाही. अशा वेळी जुनी माणसे गोडेतेल पाजतात. त्यामागे चोख विज्ञान आहे. द्विदल चाऱ्यातील प्रथिनांमुळे पोटातला वायू बारीक बुडबुड्यांच्या चिवट फेसात अडकतो आणि ढेकरेवाटे बाहेर पडू शकत नाही. तेल त्या बुडबुड्यांचे पापुद्रे फोडते, वायू मोकळा होतो. पशुवैद्यकही या पोटफुगीत तेल वापरतात. मात्र घशात काही अडकल्याने पोट फुगले असेल, तर तेथे फेस नसतो आणि तेलाचा उपयोग नसतो. नळी घालून वायू काढावा लागतो. शिवाय जीभ ओढून धरून, मान वर करून घाईने पाजले तर तेल श्वासनलिकेत उतरते आणि पोटफुगीतून वाचलेले जनावर पुढे न्यूमोनियाने जाते. उपाय बरोबर, पण निदान किंवा पाजण्याची रीत चुकली, अशी उदाहरणे आमच्या पाहण्यात आहेत. पोट फारच फुगले आणि श्वास लागला, तर घरच्या उपायांत वेळ घालवू नये.

परंपरेतील असे उपाय तपासून घेण्याचे काम चालू आहे. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने कासदाहासाठी कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप दूधउत्पादकांपर्यंत नेला; लम्पीच्या साथीत विड्याची पाने, मिरे, मीठ व गूळ यांचे चाटणही सुचवले. प्रतिजैविकांचा वापर आणि दुधात उतरणारे त्यांचे अंश कमी करणे हा यामागचा एक हेतू आहे व तो रास्त आहे. आमची अपेक्षा एवढीच, की नॉर्वेतील गायींना लावलेला निकष या लेपालाही लावला जावा.

आता मालकाच्या 'माझा' या शब्दाकडे येऊ. स्वतःच्या आजारात सज्ञान माणूस औषध नाकारू शकतो. परिणाम त्याचे तोच भोगतो. बैलाच्या बाबतीत निवड एकाची आणि दुखणे दुसऱ्याचे. प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, 1960 याचे कलम 3 हेच ओळखते. ज्याच्या ताब्यात जनावर आहे त्याने त्याच्या स्वास्थ्यासाठी सर्व वाजवी उपाय करावेत व त्याला अनावश्यक वेदना होऊ देऊ नयेत, असे कर्तव्य ते सांगते. जलिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींच्या खटल्यात 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ लावताना, वेदना, इजा व रोग यांपासून मुक्ततेचा समावेश असलेल्या प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांचा आधार घेतला होता. (पुढे राज्यांनी कायदे बदलले आणि 2023 साली न्यायालयाने ते बदल वैध ठरवले, ही गोष्ट वेगळी.) कडुनिंबाच्या लेपाने बैलाला इजा झाली नव्हती. पण लंगडणाऱ्या बैलाच्या फऱ्यावर लाल तापलेल्या सळईने डाग देणे, हा 'उपचार' अजूनही दिसतो. त्याला मालकाची निवड म्हणून सोडून द्यायचे काय? आमच्या मते नाही. मूळ कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र दहा ते पन्नास रुपये आहे. डागणी करणारा बहुधा त्याहून अधिक घेत असेल.

दुसरी मर्यादा शेजारच्या गोठ्याची. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांना प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, 2009 यानुसार अनुसूचित रोगाचा संशय आला तरी मालकाने गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवायचे असते आणि जनावर वेगळे बांधायचे असते. सप्टेंबर 2022 मध्ये महाराष्ट्र शासनाने लम्पीसाठी सारे राज्यच नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित केले. जनावरांचे बाजार बंद झाले, वाहतूक थांबली, शेळ्यांच्या देवीची लस गायीबैलांना टोचण्यात आली. अशा वेळी मालकाने लेप लावावा, चाटण द्यावे. कायदा आड येत नाही. पण लेप लावला म्हणून कळवायचे नाही किंवा बैल इतरांबरोबर पाण्यावर सोडायचा, ही मुभा त्याला नाही.

तिसरी मर्यादा माणसाच्या जिवाची, आणि ती शिक्षकांनी वर्गात आवर्जून सांगावी. गाय किंवा म्हैस चारापाणी सोडते, तोंडातून लाळ गळते, आवाज बदलतो, गिळता येत नाही. घशात काही अडकले असे वाटून घरचे माणूस तोंडात हात घालते, किंवा काढा पाजू लागते. कधी कधी तो रेबीज असतो. विषाणू लाळेत असतो आणि हाताला ओरखडे असतातच. लक्षणे दिसू लागल्यावर त्या जनावराला कोणत्याही पद्धतीत औषध नाही. हात घातलेल्या माणसाचा जीव मात्र वाचू शकतो: हात साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायचे आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात, कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या व्यक्तीला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा आहे. पण तेथे शब्द 'व्यक्ती' असा आहे. गोठ्यातल्या गायीसाठी तशी तरतूद नाही.

सिद्धेश्वरच्या त्या बैलाची चौकशी आम्ही पोळ्यानंतर गुरुजींकडे केली. बैल बरा झाला होता. कातडीवर व्रण राहिले. दरम्यान पशुवैद्यकांनी येऊन तापाचे औषध दिले होते आणि गोठ्यातील इतर जनावरांना लस टोचली होती. मालक श्रेय लेपाला देत होता. गुरुजींनी ही हकीकत नववीच्या वर्गात सांगितली आणि विचारले, लेप न लावता गावातली किती जनावरे बरी झाली? मुलांनी एकमेकांकडे पाहिले. पुढच्या आठवड्यात वह्या घेऊन ती गोठ्यागोठ्यांत मोजायला निघाली.