मोडीचे मुक्त टंक आणि ‘राजूर’चा उकार

जालना जिल्ह्यातील राजूर हे गणपतीचे क्षेत्र म्हणून ख्यात आहे. येथे प्रयोजन त्या नावातील उकारापुरतेच. मोडीत ह्रस्वदीर्घभेद बहुधा पाळला जात नसे. त्यामुळे मोडी कागदातील हा उकार ह्रस्व की दीर्घ, हे अक्षरावरून ठरत नाही. केरीचा मराठी कोश बंगालमधील सेरामपूर येथे १८१० साली मोडी खिळ्यांत छापला गेला, तेव्हा ही अडचण नव्हती. खिळा केवळ आकार उमटवितो. संगणकास आकारामागील संकेतांकही लागतो, आणि २०१४ साली युनिकोडात मोडीचा समावेश झाला तो दोन्ही उकारांस पृथक् संकेतांक देऊनच. परिणामी दोघांनी एकच कागद उतरविला, तरी एकाचा ‘राजुर’ दुसऱ्याच्या शोधास सापडत नाही.

‘नोटो सान्स मोडी’ हा टंक मुक्त परवान्याचा आहे. तो वापरण्यास, बदलण्यास व वाटण्यास मुभा आहे; मात्र सुधारलेला टंक त्याच परवान्याखाली द्यावा लागतो, आणि टंक सुटा विकता येत नाही. तेव्हा दोन्ही उकारांस एकच आकार देणारा टंक कोणताही विभाग सिद्ध करू शकेल. त्याने दृष्टीचे समाधान होईल, शोधाचे नव्हे. संकेतांकांतील भेद उलट डोळ्यांआड होईल. लिप्यंतरकाराने सर्वत्र एकच उकार योजावा आणि तो कोणता, हे प्रारंभीच नमूद करावे.